घरी शिकवायचे, पण कोणाच्या वेळात?

यावल तालुक्यातील एका वाचक ताईंनी सविस्तर पत्र लिहिले आहे. त्यांची मुलगी नऊ वर्षांची असून जूनमध्ये चौथीत जाईल आणि सहा वर्षांचा मुलगा पहिलीत जाईल. दोघेही तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहेत. सकाळी पावणेसातला गाडी दारात येते आणि मुले दुपारी तीनच्या सुमारास घरी पोहोचतात. मुलगा शाळेत रमला आहे. मुलीचे मात्र दिवाळीपासून रोज सकाळी पोट दुखते, डबा अर्धा परत येतो आणि रविवारी पोट दुखत नाही. ताईंचे डी.एड. झाले आहे, पण भरतीची वाट पाहण्यात वर्षे गेली आणि नोकरी लागली नाही. घरी सहा एकर शेती आहे, त्यात केळी आणि कपाशी. घरीच शिकणाऱ्या मुलांच्या चित्रफिती मोबाइलवर पाहून ताईंच्या यजमानांनी असे सुचवले आहे की मुलीला शाळेतून काढावे आणि आईनेच तिला शिकवावे, "आपल्या बहिणाबाई कोणत्या शाळेत गेल्या होत्या?" असे ते विचारतात. सासूबाईंना लोक काय म्हणतील याची चिंता आहे. ताईंनी तीन प्रश्न विचारले आहेत: हे कायद्यात बसते का, दहावीचे काय होईल, आणि घरचे सगळे सांभाळून आपल्याला हे जमेल का.

ताई, तुमच्या प्रश्नांआधी मुलीच्या पोटदुखीविषयी बोलते, कारण निर्णय कोणताही झाला तरी ते काम याच आठवड्यात करायचे आहे. तिला बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि दुखणे शाळेच्या दिवशीच होते हे त्यांना स्पष्ट सांगा. तपासणीत काही आढळले नाही तर त्याचा अर्थ मुलगी ढोंग करते असा लावू नका. भीतीने मुलांचे पोट खरोखर दुखते. त्यानंतर, ती तुमच्याजवळ निवांत बसलेली असताना, शेंगा सोलताना किंवा वेणी घालताना, गाडीत तिच्या शेजारी कोण बसते, मधल्या सुट्टीत ती कुठे असते, शाळेत कोणाची भीती वाटते का, असे एकेक विचारा. उलटतपासणी करू नका आणि एकाच दिवसात सगळे विचारू नका. गाडीत किंवा शाळेत तिला कोणी त्रास देत असल्याचे कळले, तर मुलीला घरी बसवून तो विषय मिटवता येणार नाही. शाळेकडे लेखी तक्रार करावी लागेल, आणि प्रकार गंभीर असेल तर १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो. तो दिवसरात्र चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

असे काही नसेल, तर तुमच्याच पत्रातील दोन वाक्यांकडे तुमचे लक्ष वेधते. "ती इंग्रजीचा धडा घडाघडा वाचते, पण काय वाचलेस म्हणून विचारले की गप्प बसते," असे तुम्ही एका ठिकाणी लिहिले आहे, आणि पुढच्या पानावर, "वर्तमानपत्रातले केळीचे भाव ती रोज वडिलांना वाचून दाखवते, जोडाक्षर आले की बोट तिथेच थांबते." जी मुलगी कोणी न सांगता वर्तमानपत्र उघडते, तिला शिकण्याचा कंटाळा आलेला नाही. घरी तुमची बोली, गाडीत मराठी आणि वर्गात इंग्रजी, असा तिचा दिवस जातो, आणि ज्या भाषेत तिला प्रश्न पडतात त्या भाषेत तिला दिवसभर कोणी उत्तर देत नाही. तिसरीपर्यंत पाठांतरावर निभावते. पुढे परिसर अभ्यासाचे मजकूर लांब होतात, गणितात शाब्दिक उदाहरणे वाढतात आणि न समजणे लपवता येत नाही. मला तिच्या सकाळच्या दुखण्याचे मूळ इथे दिसते. शिक्षण हक्क कायदा शिकवण्याचे माध्यम शक्यतोवर मातृभाषा असावे असे सांगतो, आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. तेव्हा तुमच्यापुढे इंग्रजी शाळा किंवा घर असे दोनच रस्ते आहेत, हे मला मान्य नाही. तुमच्या गावात जिल्हा परिषदेची मराठी शाळा आहे, तिचा तुम्ही पत्रात एकदाच आणि तोही रस्त्याची खूण म्हणून उल्लेख केला आहे. नियमाने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली आहे, त्यामुळे माझा कल तिकडे असणार हे लक्षात घेऊनच माझे म्हणणे तोला. शाळा शिक्षकावर चालते, दारावरच्या पाटीवर चालत नाही. म्हणून मुलीला घेऊन एक दिवस त्या वर्गात जाऊन बसा, चौथीला कोण शिकवतात ते पाहा, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला फळ्यावरचे वाचता येते का ते पाहा. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ग बंद असेल, तर गुरुजींना घरी जाऊन भेटा. गावात चौथीच्या पुढे सोय नसेल, तर सेमी इंग्रजी असलेली जवळची माध्यमिक शाळा आतापासून पाहून ठेवता येईल.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळतात आणि तिसऱ्याचे उत्तर तुमच्या घरातच शोधावे लागेल. तुम्ही तुमचा दिवस लिहून पाठवलात हे फार बरे केले. पहाटे पाचला उठणे, नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर त्याआधीच, मग दूध, डबे, सासूबाईंचा चहा आणि औषधे, सालदाराची न्याहारी, धुणे, दुपारचा स्वयंपाक, मुले आली की त्यांचे जेवण, संध्याकाळी पुन्हा चूल. कपाशीच्या निंदणीला आणि वेचणीला बायका लागल्या की तुम्हीही शेतात जाता. उन्हाळ्यात पापड, कुरडया आणि बिबड्यांचे दिवस वेगळेच. यजमान रात्रीच्या पाळीची वीज असेल तेव्हा पंप सुरू करायला मळ्यात जातात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपतात. या दिवसात रोज दोन तास सलग, उठावे न लागता, मुलीसमोर बसण्याची जागा मला सापडली नाही. तुम्हालाही सापडली नसावी, कारण तुम्ही लिहिले आहे की "स्वयंपाक करता करता घेईन तिचा अभ्यास." स्वयंपाक करता करता पाढे म्हणून घेता येतात, शुद्धलेखनही सांगता येते. अपूर्णांक समजावता येत नाहीत, आणि मुलगी एकाच ठिकाणी वारंवार का चुकते हे तव्यावरच्या भाकरीकडे लक्ष ठेवून कळत नाही.

माझी खरी काळजी याच्याही पुढची आहे, आणि ती मी मोकळेपणाने लिहिते. मुलगा सकाळी दप्तर घेऊन गाडीत बसेल आणि मुलगी घरी राहील. पहिले पंधरा दिवस सगळे उत्साहाने होईल. मग एखाद्या दिवशी सासूबाईंच्या गुडघ्यांना सूज येईल आणि त्यांना पाणी नेऊन द्यायला कोणीतरी हवे असेल. घरी कोण आहे, तर मुलगी. पाहुणे आले, चहा ठेवायला मुलगी. वेचणीला तुम्ही शेतात गेलात, घराकडे पाहायला मुलगी. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो, सासूबाईंचा तर नाहीच. घरात मोकळे दिसणारे माणूस कामाला लागते, आणि नऊ वर्षांची मुलगी पुस्तक घेऊन बसलेली असली तरी आपल्याकडे मोठ्यांना ती मोकळीच दिसते. घरच्या कामाला माझा विरोध नाही. भरताचे वांगे काड्यांवर भाजायला दोन्ही मुलांनी शिकावे असेच मी म्हणेन. पण शाळा सुटल्यावर काम करणे वेगळे आणि शाळेच्या वेळात काम करणे वेगळे. तसेच एकाच घरात भाऊ शाळेत आणि बहीण घरी, याचा अर्थ दोन्ही मुले स्वतःच्या मनाने लावतील, आणि तो तुम्ही सांगितलेल्या अर्थापेक्षा निराळा असेल. यजमानांना एवढे विचारा की घरी शिकणे इतके चांगले असेल, तर मुलाचाही विचार त्यांनी का केला नाही. भांडणाच्या सुरात विचारू नका, पण उत्तर ऐकल्याशिवाय उठू नका.

बहिणाबाईंचे उदाहरण खानदेशात या विषयावर हमखास निघते, म्हणून त्याविषयी दोन शब्द. असोद्याला १८८० साली जन्मलेल्या त्या बाईंना लिहितावाचता येत नव्हते, हे खरे आहे. पण शाळा नको असे त्यांनी ठरवले नव्हते. त्या काळी त्यांच्यासारख्या मुलीला कोणी विचारलेच नव्हते. आणि त्यांच्या ओव्या आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या मुलगा सोपानदेव शिकलेला होता म्हणून, त्याने आणि नात्यातल्या माणसाने त्या लिहून घेतल्या म्हणून. १९५१ साली त्या गेल्या आणि संग्रह निघाला १९५२ साली. ज्या ओव्या कोणी लिहून घेतल्या नाहीत त्या त्यांच्याबरोबरच गेल्या. यजमानांनी हे उदाहरण पुन्हा दिले, तर ही दुसरी बाजूही त्यांच्यापुढे ठेवा.

कायद्याचे थोडक्यात सांगते. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा असून तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या बालकाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे त्याच्या दहाव्या कलमात म्हटले आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा त्या कायद्यात सांगितलेली नाही. घरी शिकवण्याला परवानगी देणारे किंवा बंदी घालणारे स्वतंत्र कलमही त्यात नाही. देशात अनेक कुटुंबे मुलांना घरी शिकवतात, ती या मोकळ्या जागेत. प्रत्यक्षात एवढेच होईल की शाळाबाह्य मुलांचा शोध घेण्याची मोहीम निघाली की गुरुजी तुमच्या दारात येतील आणि मुलीचे नाव त्यांच्या यादीत लागेल. तुमच्या उपयोगाचे आहे ते त्याच कायद्याचे चौथे कलम: शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेले भरून काढण्यासाठी विशेष शिकवणीचा हक्कही असतो. म्हणजे घरी शिकवण्याचा प्रयोग फसला, तर परतीचा रस्ता बंद होत नाही.

दहावीसाठी दोन वाटा लोकांच्या ओळखीच्या आहेत. एक राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची: तिथे दहावीच्या प्रवेशाला चौदा वर्षे पूर्ण लागतात, पाच विषय घ्यावे लागतात, मराठी माध्यम उपलब्ध आहे आणि सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते. त्याआधी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पातळ्याही त्या संस्थेकडे आहेत. पाचवी आणि आठवीसाठी राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे. दुसरी वाट राज्य मंडळाची, खाजगीरीत्या बसणाऱ्यांसाठीची, जिला आपल्याकडे सगळे सतरा नंबरचा फॉर्म म्हणून ओळखतात. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि तुमची मुलगी मान्यताप्राप्त शाळेत तिसरीपर्यंत शिकली असल्याने तो तिला मिळेल; मात्र तिसरीपर्यंतचा दाखला या फॉर्मला पुरतो का, हे मंडळाकडे विचारून खात्री करून घ्या. तेव्हा दहावी अडत नाही. अडतात त्या मधल्या गोष्टी, ज्यांचा चित्रफितींमध्ये कोणी उल्लेख करत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत भरला जातो. चित्रकलेच्या परीक्षा, तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, सगळे शाळेमार्फतच. पुढे जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला शाळेच्या रजिस्टरातील नोंद मागतात. नोंद आधीच झालेली असल्याने तुमची अडचण होणार नाही. पण मुलाला पहिलीपासूनच घरी ठेवण्याचा विचार कधी निघाला, तर ही बाब विसरू नका.

एवढे सांगूनही मी नाही म्हणत नाही. घरी शिकून चांगली तयार झालेली मुले असतात, आणि डी.एड. झालेली आई ही काही लहान गोष्ट नव्हे. यजमान आणि शिक्षक होण्याची इच्छा मनात राहून गेलेली पत्नी, असे दोघे जेव्हा ठरवतात, तेव्हा त्या ठरवण्यात मुलीखेरीज आणखीही काही असते. नोकरी लागली नाही त्याची सल तुमच्या पत्रात ओळीओळीला आहे आणि ती रास्त आहे. पण ती भरून काढायला मुलीची चौथी वापरू नये. शिकवायचेच असेल, तर गावातल्या पहिली-दुसरीच्या दहा मुलांना संध्याकाळी ओसरीवर बसवा. त्यात तुमचाही मुलगा बसेल, मुलगी लहानांना वाचून दाखवेल, आणि चार पैसे हातात येतील. सासूबाईंना तो मार्ग लवकर पटेल असे वाटते.

तरीही घरीच शिकवायचे ठरले, तर आधी कामाची वाटणी होऊ द्या आणि ती यजमानांच्या तोंडून सासूबाईंसमोर होऊ द्या. सकाळी साडेआठ ते साडेदहा हे दोन तास तुम्ही स्वयंपाकघरात नसाल. त्या वेळेची न्याहारी आदल्या रात्री ठरेल, सालदाराला चहा यजमान देतील, दार वाजले तर ते उघडतील. रात्रपाळीच्या आठवड्यात तास दुपारी सरकतील, पण बुडणार नाहीत. वेचणीच्या दिवसांत तुमच्या जागी एक मजूर बाई लावावी लागेल आणि तिची मजुरी हीच मुलीची फी समजावी. गाडीचे आणि शाळेचे वाचलेले पैसे बहुतेक तिथेच जातील. हे त्यांना कबूल नसेल, तर घरी शिकवण्याची कल्पना तुमच्या एकटीच्या जिवावर बेतलेली आहे आणि ती तुम्ही नाकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन तास कमी आहेत का, अशी शंका येईल. कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे अपेक्षित आहे, म्हणजे दिवसाला चार तास; पण तिथे एक शिक्षक तीस मुलांना पाहतो. समोरासमोर एकच मूल असेल तर दोन तास पुरतात, मात्र ते बुडता कामा नयेत. पुस्तके बालभारतीचीच घ्या. ती संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात आणि मुलगी पुन्हा शाळेत गेली तर तिला अनोळखी वाटणार नाहीत. दर सत्राच्या शेवटी गावातल्या गुरुजींकडून त्यांच्या वर्गाची प्रश्नपत्रिका मागून आणा, आणि ती सोडवताना तुम्ही शेजारी बसू नका.

"रोजच्या जगण्यातून शिक्षण" असे यजमानांनी म्हटले आहे, त्यात तथ्य आहे. केळीची लागवड पाच बाय पाच फुटांवर आहे असे तुम्ही लिहिले आहे. एका झाडाला २५ चौरस फूट. एकराचे ४३,५६० चौरस फूट. तर एकरात झाडे किती? चौथीच्या मुलीला २५ ने एवढा मोठा भागाकार जड जाईल, पण ४ ने गुणून शेवटची दोन घरे सोडायची हे तिला दाखवा: १,७४,२४०, म्हणजे १,७४२ झाडे. मग तिला वडिलांबरोबर मळ्यात पाठवा. एका ओळीतील झाडे मोजून ओळींच्या संख्येने गुणले की उत्तर कमी येईल. कुठे गेली बाकीची झाडे? बांध, पाण्याची चारी आणि ट्रॅक्टर फिरण्याची जागा ती स्वतः दाखवेल, आणि क्षेत्रफळ म्हणजे काय हे तिला पुन्हा सांगावे लागणार नाही. हे शिकवणे वर्गात होत नाही, हे मी शिक्षक असूनही मान्य करते. पण ती एका संध्याकाळची गोष्ट झाली. भागाकाराचा हात बसायला त्यानंतर पाटीवर रोज दहा उदाहरणे सोडवावी लागतात, आणि ती मळ्यात सुटत नाहीत. केळीच्या मृगबागेची लागवड जूनमध्ये झाली की पुढचे महिने पिकाचे असतात; मुलीचे वेळापत्रक पिकाच्या मागे धावू लागले, तर दिवाळीपर्यंत वही कोरी राहील.

सोबतीचा प्रश्नही आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून भुलाबाईची गाणी म्हणायला गल्लीतल्या मुली एकत्र येतात, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोके बांधले जातात, पण ते सणाचे दिवस झाले. रोज भांडून रोज बोलणारी मैत्रीण तिला हवी आहे, आणि गावातल्या मुली सकाळी शाळेत असतील. इंग्रजी शाळेच्या गाडीने तिला गावातल्या मुलींपासून आधीच तोडले आहे. घरी बसवून ते अंतर वाढेल.

तुम्ही माझे मत विचारले आहे, म्हणून सांगते: मुलीला घरी बसवू नका आणि त्या गाडीतही पुन्हा बसवू नका. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, त्याआधी गावातल्या मराठी शाळेत तिचे नाव घाला. सकाळचा दीड तासाचा प्रवास वाचला की तो वेळ तुमचा: त्यात जोडाक्षरांचे वाचन घ्या, वर्तमानपत्र तेच, भाव तेच. इंग्रजी सुटेल ही भीती धरू नका. तुम्ही तिला रोज एक पान अर्थासह शिकवले, तरी आताच्या घडाघडा वाचण्यापेक्षा ते पुढे जाईल. मुलगा आहे तिथे राहू द्या, पण तोही वाचलेले समजून सांगतो का, हे दर महिन्याला पाहत जा.

सासूबाईंना सांगायला तुमच्याकडे आता साधे उत्तर आहे: नात गावच्या शाळेत जाते, आणि दुपारच्या सुट्टीत आजीला भेटून जाते. शाळा सोडल्याचा दाखला काढताना जन्मतारीख, नावाचे स्पेलिंग आणि जातीची नोंद तिथेच उभे राहून तपासा, कारण नंतरची दुरुस्ती फार हेलपाटे घालायला लावते. मूळ दाखला नव्या शाळेत जमा होईल, म्हणून त्याच्या दोन झेरॉक्स प्रती घरच्या ट्रंकेत ठेवा. दाखला मिळायला उशीर झाला, तरी तेवढ्या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.